कॉम्प्युटरसोबत खेळून खरंच काही हाती लागतं का? मोबाइल स्ट्रॅटेजी गेममधल्या सिंगल प्लेयरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून क्लॅश (क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि क्लॅश रोयाल), बुद्धिबळ, पॉलिटोपिया (चालीचालीनं राज्य वाढवायचा गेम) खेळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि किचकट नंतर येतात. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिंगल प्लेयर म्हणजे नेट नसताना चालणारा गेम, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सिंगल प्लेयर म्हणजे समोर माणूस नाही, कॉम्प्युटर आहे. ऑफलाइन म्हणजे सर्व्हरशी जोडणी लागत नाही. क्लॅश ऑफ क्लॅन्समधला गॉब्लिन नकाशा (कॉम्प्युटरच्या गॉब्लिनची गावं लुटायचा भाग) पूर्ण सिंगल प्लेयर आहे, पण नेट गेलं की तोही बंद. उलट पॉलिटोपियात किंवा लिचेस या बुद्धिबळाच्या अ‍ॅपमध्ये कॉम्प्युटरसोबतचा डाव नेट नसतानाही चालतो.

खात्री करायची असेल तर घरी असतानाच करा. गेम एकदा उघडून सगळं डाउनलोड होऊ द्या आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून तो पूर्ण बंद करा. मग विमान मोड लावून पुन्हा उघडा आणि एक डाव शेवटपर्यंत खेळून बघा. नुसता मेनू उघडला म्हणून गेम ऑफलाइन आहे असं समजू नका. काही गेम मेनू दाखवतात आणि डाव सुरू करताना नेट मागतात.

२. ट्रॉफी (जिंकल्यावर वाढणारे, हरल्यावर कापले जाणारे गुण) तर माणसांना हरवूनच मिळतात. मग बॉटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळाडूवर, वेळ का घालवायचा?

कारण माणसांशी हरल्यावर नेमकं कशामुळे हरलो ते कळत नाही. प्रत्येक मॅचला समोरचा वेगळा, त्याचा डेक (निवडलेली कार्डं) वेगळा, कार्डांच्या लेव्हल वेगळ्या, आणि आपल्याकडे त्यात नेटचा लहरीपणा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुठली म्हणायची? सिंगल प्लेयरमध्ये तीच लेव्हल, तीच रचना पुन्हा पुन्हा समोर घेता येते आणि आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू शकतो. शिकण्याची फी ट्रॉफीतून कापली जात नाही, हा दुसरा फायदा.

यातून शिकायचं ते मोजता येण्यासारखं: कुठलं सैन्य कशाकडे धावतं, कुठलं कार्ड किती वेळानं परत येतं, कुठली इमारत कुठवर मारा करते. माणूस वाचायला मात्र बॉट शिकवत नाही. त्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

३. क्लॅश रोयालमध्ये ट्रेनिंग कॅम्प आहे, पण तिथे जिंकतच जातो. सराव कसा करायचा?

तिथे जिंकणं हे काम नाहीच. ट्रेनरला, म्हणजे तिथल्या बॉटला, हरवणं सोपं असतं, म्हणून बहुतेक जण दोन मॅच खेळतात आणि सोडून देतात. प्रत्येक मॅचला एकच काम ठरवून जा.

पहिलं काम एलिक्सिरचं, म्हणजे कार्ड टाकायला खर्च होतं त्याचं. साध्या वेळेत एक एलिक्सिर भरायला २.८ सेकंद लागतात, म्हणजे रिकामी पट्टी १० पर्यंत भरायला २८ सेकंद. पट्टी भरलेली ठेवून साडेपाच सेकंद विचार करत बसलात तर दोन एलिक्सिर वाया गेले. डबल एलिक्सिरमध्ये (पट्टी दुप्पट वेगानं भरते तेव्हा) तेवढ्याच वेळात चार जातात. पूर्ण मॅचभर पट्टी १० वर थांबू द्यायची नाही, एवढंच बघा. हरलात तरी चालेल.

दुसरं काम कार्डांच्या फेऱ्याचं. डेकमध्ये आठ कार्डं, हातात चार. एखादं कार्ड टाकलं की मध्ये दुसरी चार कार्डं टाकल्यावरच ते परत हातात येतं. तुमचं मुख्य कार्ड टाका आणि तोंडानं मोजा: एक, दोन, तीन, चार, आलं. हे अंगवळणी पडलं की समोरच्याचं कार्ड कधी परतणार तेही मोजता येतं. खऱ्या मॅचमध्ये अर्धी लढाई तिथेच असते. मात्र समोरच्याचं मोजायला ट्रेनरच्या मॅचमध्येच शिका. ट्रॉफी पणाला लागलेल्या मॅचमध्ये दोन्ही बाजू एकदम मोजायला गेलं की दोन्हीकडचा हिशोब चुकतो.

तिसरं काम बदल्याच्या हिशोबाचं. समोरून ५ एलिक्सिरचा मिनियन होर्ड आला आणि तुम्ही ३ एलिक्सिरचे बाण मारले तर तुम्ही दोननं पुढे. मॅच संपल्यावर असे चार-पाच बदले आठवून कागदावर लिहा: कोण कितीनं पुढे राहिलं.

इथे एक खड्डा आहे. सारख्या लेव्हलला फायरबॉल (आगीचा गोळा) खाऊनही मस्केटीयर (बंदूकवाली) थोडक्यात वाचते. समोरच्या मस्केटीयरची लेव्हल कमी असेल तर तीच मरते. ट्रेनरच्या कार्डांची लेव्हल तुमच्यापेक्षा कमी असली की तुम्ही चुकीची गोष्ट पाठ करून येता आणि खऱ्या मॅचमध्ये ती मस्केटीयर तुमचा टॉवर पाडून जाते. म्हणून नुकसानीचा हिशोब शिकण्याआधी दोन्हीकडच्या लेव्हल बघा.

ट्रेनरकडे कुठली कार्डं येतील हेही आपल्या हातात नसतं. तोफ नेमक्या कुठल्या चौकोनात ठेवली की हॉग रायडर (थेट इमारतींकडे धावणारं सैन्य) ओढला जातो, यासाठी क्लॅनमधल्या (गेममधल्या आपल्या गटातल्या) कुणाला तरी सांगा: मैत्रीची लढत लाव आणि सारखा हॉगच टाक. ट्रॉफी तिथेही हलत नाही.

४. क्लॅश ऑफ क्लॅन्सचा गॉब्लिन नकाशा फक्त लुटीसाठी आहे की त्याचा काही उपयोग होतो?

दोन्हीसाठी आहे, पण लुटीचा नियम आधी लक्षात ठेवा. एका लेव्हलमधली लूट एकदाच मिळते. संपली की ती परत भरत नाही. भांडार भरलेलं असताना हल्ला केला तर जादा लूट मावायला जागाच नसते. म्हणून मोठ्या लुटीच्या लेव्हल राखून ठेवा. महागडा अपग्रेड लावून भांडार रिकामं झालं, आणि पुढच्या अपग्रेडला थोडं कमी पडतंय, त्या वेळी काढा.

सरावासाठी नकाशाची खरी किंमत ही की गॉब्लिनचं गाव जागचं हलत नाही. सापळे, लपलेल्या तोफा, भिंती सगळं तसंच. याचा वापर सैन्याचं वागणं शिकायला करा. सगळ्यात आधी फनेल, म्हणजे कडेच्या इमारती पाडून सैन्याला आत वळवणं. विझार्ड, बार्बेरियन, पेका यांना समोर दिसेल ती जवळची इमारत चालते. त्यांना नुसतं मधोमध सोडलं की ते कडेच्या झोपड्या तोडत गावाला प्रदक्षिणा घालतात आणि टाउन हॉल (गावाची मुख्य इमारत) उभाच राहतो.

असं करा. हल्ल्याची बाजू ठरवा. त्या बाजूच्या डाव्या टोकाला दोन विझार्ड आणि उजव्या टोकाला दोन विझार्ड सोडा. दोन्हीकडच्या कडेच्या इमारती पडेपर्यंत मुख्य सैन्य हातात धरा. मग मधल्या फटीतून सोडा. बाजूला तोडायला काही उरलं नाही की ते आत जातात. पुढच्या वेळी मुख्य सैन्य पाच सेकंद लवकर सोडून बघा, म्हणजे घाई केल्यावर काय बिघडतं ते दिसेल.

इथली नेहमीची चूक म्हणजे जायंट आणि हॉग रायडरसाठी फनेल लावत बसणं. ते फक्त संरक्षणाच्या इमारती शोधतात, कडेच्या झोपड्या पडल्या काय आणि राहिल्या काय. त्यांची वाट ठरते ती जवळची तोफ किंवा टॉवर कुठे आहे त्यावर. फुग्यातलं सैन्यही (बलून) तसंच. सैन्यांची ही दोन गटांतली विभागणी पाठ नसेल तर व्हिडिओत पाहिलेला कुठलाही हल्ला तुमच्या हातून तसा होणार नाही.

नकाशा संपला असेल तर गेममध्ये सराव मोड आहे. तिथे सैन्य तयार दिलेलं असतं आणि ठरावीक डावपेच पायरीपायरीनं करून घेतले जातात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे क्लॅनमधली फ्रेंडली चॅलेंज: गाव माणसानं बांधलेलं, पण सैन्यही खर्च होत नाही आणि ट्रॉफीही जात नाही. वॉरच्या (दोन क्लॅनमधल्या लढाईच्या) आधी हे न करता थेट हल्ला करणाऱ्यावर क्लॅनवाले चिडतात ते उगाच नाही.

५. मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. कॉम्प्युटरची कुठली लेव्हल ठेवू?

लिचेसमध्ये स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामच्या १ ते ८ लेव्हल आहेत. तीनातला एखादा डाव जिंकता येईल ती ठेवा. पण पूर्ण डाव खेळण्यापेक्षा शेवटच्या स्थिती लावून खेळण्यात कॉम्प्युटरचा उपयोग जास्त. पटावर फक्त राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा लावा. नीट खेळलं तर कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त १६ चालींत मात होते. वजीर असेल तर १० चालींत. तुम्हाला पन्नास लागल्या तर नियमानं बरोबरी. खाली घड्याळात वीस सेकंद उरलेले असताना माणसासमोर हे जमायला हवं असेल, तर आधी कॉम्प्युटरसमोर वेळ लावून जमवा.

कमी लेव्हलचा कॉम्प्युटर माणसासारखा चुकत नाही. दहा चाली पट्टीच्या खेळाडूसारखा खेळतो आणि मग कारण नसताना घोडा फुकट देतो. त्यामुळे त्याच्या चुकीची वाट बघत बसण्याची सवय लागते. जळगावात बुद्धिबळाच्या स्पर्धा होतात. तिथे जायचं असेल तर आठवड्यातले काही डाव तरी माणसांशीच खेळा.

६. बॉटला डोळे मिटून हरवतो, पण माणूस समोर आला की हरतो. असं का?

कारण बॉटनं तुम्हाला त्याच्या सवयी शिकवल्या आहेत. बॉट सहसा समोर दिसेल त्याला उत्तर देतो. तुम्ही डावीकडे काही टाकलं की तोही डावीकडेच टाकतो. आमिष दाखवलं की घेतो. हल्ला फसला तरी तसाच पुन्हा करतो. अशा समोरच्याला हरवण्याचा एक ठरलेला मार्ग सापडतो आणि तो हातात बसतो.

माणूस मात्र वाट बघतो. एखादं कार्ड मुद्दाम लपवून ठेवतो. पहिल्या हल्ल्यात तुम्ही काय वापरलं ते लक्षात ठेवून दुसरा हल्ला त्याच्यावर बेततो. पॉलिटोपियात कॉम्प्युटरच्या सैन्याला एक-एक करून ओढून मारता येतं. माणूस तीन सैनिक गोळा करून एकदमच येतो.

उपाय म्हणून स्वतःवर बंधन घाला. बॉटला ज्या युक्तीनं हमखास हरवता, ती आठवडाभर वापरायची नाही. हरलेल्या मॅचचं रीप्ले बघताना आधी समोरच्याचं बघा: त्यानं कुठलं कार्ड कधीपर्यंत दाबून ठेवलं? आपलं नंतर. आणि एखादी गोष्ट बॉटसमोर जमायला लागली की त्याच दिवशी चार-पाच खऱ्या मॅचमध्ये वापरून बघा. महिनाभर फक्त बॉटसोबत खेळणं आमच्या मते सराव नसण्यापेक्षा वाईट.

७. अवघड लेव्हलला कॉम्प्युटर चीटिंग करतो का?

बऱ्याच गेममध्ये हो, फक्त ते लपवलेलं नसतं. कॉम्प्युटरला जास्त हुशार करणं कठीण असतं, म्हणून त्याला जास्तीचा माल देतात. सिव्हिलायझेशन ६ मोबाइलवरही आहे. त्यात सगळ्यात वरच्या डेइटी पातळीला तुम्ही एका सेटलरनं (शहर वसवणाऱ्या तुकडीनं) सुरुवात करता आणि कॉम्प्युटर तिघांनी. म्हणजे पहिल्याच चालीला तो दोन शहरांनी पुढे. बुद्धिबळात असं काही नसतं, तिथे तो खरंच चांगला खेळतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की अशा पातळीवर संपत्तीत कॉम्प्युटरशी बरोबरी करायला जाऊ नका. हरणारच. पुढच्या पातळीला जमेना म्हणून लाजायचंही कारण नाही. स्पर्धेच्या सरावासाठी कॉम्प्युटरला जादा माल न मिळणारी मधली पातळी जास्त कामाची.

८. रोज किती वेळ सिंगल प्लेयर आणि किती वेळ खऱ्या मॅच?

नवा डेक किंवा नवं सैन्य घेतलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस अर्धा-अर्धा. नंतर खऱ्या मॅचआधी एक-दोन डाव हात मोकळा करायला पुरे. सलग तीन मॅच हरलात तर चौथी खेळू नका. एक डाव बॉटसोबत खेळून थांबा.

९. धडगावकडे रेंज नसते, कन्नड घाटात आणि रेल्वेतही नेट तुटतं. अशा वेळी काय खेळावं?

रेंज येते-जाते अशा जागी माणसांशी मॅच लावूच नका. मधेच नेट गेलं तर समोरचा खेळतच राहतो आणि हार तुमच्या नावावर लागते. सर्व्हरवर चालणारा सिंगल प्लेयरही अडकतो (प्रश्न १).

सुरत-भुसावळ मार्गावरच्या प्रवासात, किंवा रात्रीच्या लाइटीला मोटार सुरू करून मळ्यात बसायचं असेल तेव्हा, चालीचालीनं खेळायचे गेम बरे. पॉलिटोपियाच्या सुरुवातीच्या चार जमाती फुकट आहेत आणि परफेक्शन मोड ३० चालींत संपतो. मधेच फोन खिशात टाकला तरी बिघडत नाही. पाणी कुठवर आलं ते बघायला उठायचं असतं, तिथे तीन मिनिटांची घड्याळाची मॅच कामाची नाही.

१०. मे महिन्यात फोन तापतो आणि टच उशिरा लागतो. हा गेमचा दोष आहे का?

नाही, उन्हाचा आहे. फोन तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, चार्जिंगही मंदावतं. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी आसपासचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे सावलीतही आपण हद्दीबाहेरच.

कव्हर काढा. चार्जिंग लावून खेळू नका. ब्राइटनेस कमी करा आणि गेममध्ये फ्रेमची सेटिंग असेल तर ३० वर आणा. फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. दुपारी चालींचे गेम, वेळेच्या मॅच रात्री जेवणानंतर, ही सोपी वाटणी.

११. फोन बदलला तर सिंगल प्लेयरमधली प्रगती जाते का?

सर्व्हरवरचा गेम असेल तर खातं जोडलेलं असलं म्हणजे झालं. सुपरसेलच्या (क्लॅश बनवणारी कंपनी) गेममध्ये सुपरसेल आयडी ई-मेलला जोडून ठेवा. ऑफलाइन गेमचा डाव मात्र बहुतेक वेळा फोनमध्येच असतो.

जागा कमी पडली म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘डेटा साफ करा’ दाबलं की तो पुसला जातो. ‘कॅशे साफ करा’ दाबलं तर डाव राहतो. ही दोन बटणं शेजारीशेजारीच असतात.

१२. समोरचा माणूस आहे की माणसाच्या नावाचा बॉट, हे कसं ओळखायचं?

काही गेम नव्या खेळाडूला खालच्या स्तरावर बॉटशी जोडतात आणि तसं सांगत नाहीत. खुणा अशा: शोधायला लागताच सेकंदात समोरचा सापडतो, त्याच्या चाली ठरावीक अंतरानं येतात, इमोट (समोरच्याला पाठवायचं हावभावाचं चित्र) एकही नाही, आणि तो कधीच थांबून वाट बघत नाही. एका खुणेवरून ठरवू नका, तीन जुळल्या तर समजा. त्या विजयावरून आपली पातळी ठरवू नका. प्रश्न ६ मधल्या सवयी इथे नकळत लागतात.

१३. गणेशोत्सवात मंडळातर्फे स्पर्धा घ्यायची आहे, पण मांडवात नेट चालत नाही. सिंगल प्लेयरच्या गुणांवर घेऊ का?

घेता येईल, पण वाद होतील. पॉलिटोपियाचा नकाशा दर वेळी वेगळा येतो. एकाला सुपीक कोपरा मिळतो, दुसऱ्याला डोंगर. एका डावाच्या गुणांवर नंबर काढू नका. प्रत्येकाला तीन डाव द्या आणि सगळ्यात चांगला धरा. जमात, कॉम्प्युटरची पातळी आणि समोरच्यांची संख्या सगळ्यांना एकच. स्पर्धा मंडळाच्याच फोनवर घ्या, म्हणजे घरून खेळून आणलेला स्क्रीनशॉट कुणी पुढे करणार नाही.

त्यापेक्षा बरं म्हणजे गुणांवर पहिले आठ निवडा आणि पुढे माणसांना समोरासमोर बसवा. पॉलिटोपियात एकाच फोनवर आळीपाळीनं खेळता येतं. लिचेसच्या अ‍ॅपमध्येही फोन मध्ये ठेवून दोघांना खेळायची सोय आहे, दोन्हीला नेट लागत नाही.

१४. पोरगा म्हणतो “सरावच करतोय, पैसे लागत नाहीत.” खरं आहे का?

सरावाला लागत नाहीत हे खरं. पण त्याच गेममध्ये दुकानही असतं. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करा, सेटिंगमध्ये खरेदी पडताळणी शोधा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा. यूपीआयचा पिन पोराला माहीत असेल तर तो बदला. सराव करतोय का ते बघायचं असेल तर विचारा, “आज काय शिकायचं ठरवलं होतं?” ठरवून खेळणारा पोरगा लगेच सांगतो.

१५. कंपन्या सिंगल प्लेयरकडे लक्ष का देत नाहीत?

कारण लेव्हल बनवायला महिने लागतात आणि खेळाडू ती आठवड्यात संपवतो. माणसाविरुद्ध माणूस लावला की नवीन काही न बनवताही गेम चालत राहतो, आणि हरलेला माणूस दुकानात जातो.

पण उलटंही घडलंय. हार्थस्टोन हा समोरासमोरचा पत्त्यांचा गेम. त्यानं २०१४ मध्ये नॅक्सरामस ही सिंगल प्लेयर मोहीम आणली आणि तिच्यातून मिळणारी कार्डं खऱ्या मॅचमध्ये लागायची, म्हणून स्पर्धा खेळणाऱ्यांनाही ती खेळावी लागली. रायट कंपनीचा लेजेंड्स ऑफ रुनेटेरा २०२० मध्ये स्पर्धेचा गेम म्हणूनच आला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं मोठी नोकरकपात केली, त्या गेमची टीम लहान केली आणि यापुढचा भर पाथ ऑफ चॅम्पियन्स या एकट्यानं खेळायच्या भागावर राहील असं जाहीर केलं.

१६. गेमच बंद झाला किंवा सरकारनं बंदी घातली तर?

सर्व्हर गेला की सर्व्हरवरचं सगळं गेलं, सिंगल प्लेयरसुद्धा. जून २०२० मध्ये ५९ अ‍ॅपवर बंदी आली त्यात क्लॅश ऑफ किंग्ज होता. सप्टेंबरमध्ये आणखी ११८ अ‍ॅप गेली, त्यात राइज ऑफ किंगडम्स. ज्यांनी पैसे घालून किल्ले वाढवले होते त्यांच्या हाती काही उरलं नाही. फोनमध्येच चालणारा ऑफलाइन डाव अशा वेळी टिकतो.

१७. “कॉम्प्युटरला हरवा आणि रोख जिंका” अशी अ‍ॅप येतात. तोही सरावच ना?

नाही. आधी पैसे भरायचे आणि जिंकल्यावर जास्त मिळतील अशी आशा, हा प्रकार ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात मनी गेम ठरतो. त्यात कौशल्य लागतं की नशीब, यानं फरक पडत नाही. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैसे न लावता खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स यांना तो कायदा अडवत नाही. अशा अ‍ॅपमधला कॉम्प्युटर कुणाच्या बाजूनं सेट केलेला आहे, हे तपासायची तुमच्याकडे सोय नसते. पहिले दोन डाव हमखास जिंकायला मिळाले तर तिसऱ्याला पैसे भरू नका, अ‍ॅप काढून टाका आणि त्याला दिलेली ऑटोपेची परवानगी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करा.